अहवालातील आकडा आणि उतारवय

साठी उलटलेले चार व्यापारी एकत्र बसले म्हणजे बाजारभाव, मुलांची लग्ने, मधुमेह आणि गुडघेदुखी या सर्व विषयांवर मोकळेपणाने बोलतात. परंतु लघवीची तक्रार निघाली की सारे गप्प! रात्री तीन-चारदा उठावे लागते, धार बारीक झाली आहे, प्रवासात जीव टांगणीला लागतो, हे आपण पत्नीलाही सांगत नाही. दुसरीकडे, आरोग्य-शिबिरात रक्त दिले म्हणजे अनेकदा अहवालात ‘पी. एस. ए.’ या नावाचा एक आकडा न मागताच येऊन पडतो. त्याचा अर्थ सांगणारा मात्र कोणी नसतो. हे मौन आणि हा आकडा, दोन्ही मिळून घरोघरी भय निर्माण करतात. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिणे मला अगत्याचे वाटते.

प्रोस्टेट, म्हणजेच अष्ठीला ग्रंथी, ही पुरुषाच्या मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाला वेढून असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी होय. चाळिशीनंतर ती हळूहळू वाढू लागते. पन्नाशी-साठीच्या दरम्यान सुमारे निम्म्या पुरुषांत ही वाढ आढळते व ऐंशीनंतर ती बहुतेकांत असते. ही साधी वाढ कर्करोग नव्हे आणि तिचे पुढे कर्करोगात रूपांतरही होत नाही. उलटपक्षी, आरंभीच्या कर्करोगाला बहुधा काहीच लक्षणे नसतात. म्हणजे त्रास आहे म्हणून कर्करोग असेलच असे नाही, आणि त्रास नाही म्हणून तो नसेलच असेही नाही.

पी. एस. ए. हे याच ग्रंथीत तयार होणारे एक प्रथिन आहे. त्याची रक्तचाचणी अमेरिकेत १९८६ साली रुग्णांच्या देखरेखीसाठी व १९९४ साली रोग शोधण्याच्या कामी मान्य झाली. पुष्कळ ठिकाणी ४ ही मर्यादा धरतात. परंतु वयाप्रमाणे हा आकडा स्वभावतःच वाढतो. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, मूत्रनलिका घालणे, लांबवर सायकल चालवणे, नुकताच झालेला समागम यांनीही तो वर जातो. याउलट फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ही औषधे काही महिने घेतल्यास तो सुमारे निम्म्यावर येतो. म्हणून आपण कोणती औषधे घेतो हे डॉक्टरांना सांगणे अत्यावश्यक आहे.

आम्ही धान्याचे व्यापारी. पोत्यातील धान्याचा ओलावा जास्त दाखवला म्हणून कोणी सारा माल कुजला असे म्हणत नाही. पावसात गाडी आली होती काय, हे आपण विचारतो, पुन्हा तपासतो आणि मगच पोत्यातून नमुना काढतो. या आकड्याचेही तसेच आहे. तो किंचित वाढला असेल तर संसर्गाचा उपचार करून काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी करावी. ४ ते १० या दरम्यान आकडा असलेल्या दर ४ पुरुषांपैकी सुमारे एकातच तुकडा-तपासणीत कर्करोग आढळतो. आता तुकडा काढण्यापूर्वी एम. आर. आय. करण्याची पद्धत असल्याने कित्येकांची ती सुटते.

मग ही चाचणी सरसकट सर्वांनी करावी काय? येथे जमा आणि नावे, दोन्ही बाजू पाहिल्या पाहिजेत. युरोपातील आठ देशांत सुमारे १ लाख ६२ हजार पुरुषांवर चाललेल्या अभ्यासाचा २३ वर्षांचा निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाला. चाचणीस बोलावलेल्यांत या रोगाने होणारे मृत्यू १३ टक्क्यांनी घटले. म्हणजे ४५६ जणांना बोलावल्याने १ मृत्यू टळला. ही जमा झाली. नावे बाजूस असे की, एक मृत्यू टळण्यासाठी सुमारे १२ अधिकचे निदान झाले, आणि त्यांतील अनेकांचा रोग जन्मभर त्रास न देता राहिला असता. शस्त्रक्रियेने वा किरणोपचाराने लघवीवरील ताबा जाणे, वैवाहिक जीवनात उणेपणा येणे ही किंमत काहींना मोजावी लागते. याच कारणास्तव सौम्य रोगात आता डॉक्टर पुष्कळदा केवळ नियमित देखरेख सुचवतात.

अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवा कार्यदलाने २०१८ साली ५५ ते ६९ वयाच्या पुरुषांनी डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवावे आणि सत्तरीनंतर ही छाननी करू नये, असे सुचवले. ज्यांच्या वडिलांना अथवा भावाला हा रोग झाला आहे, त्यांचा धोका सुमारे दुप्पट असल्याने त्यांनी हा विचार लवकर करावा. आपल्या देशाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मुख, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची छाननी आहे, प्रोस्टेटची नाही. तथापि लघवीत रक्त दिसणे, लघवी अडणे किंवा न थांबणारी कंबरदुखी यांना छाननीचे नियम लागू नाहीत. तेथे विलंब न करता डॉक्टर गाठावा.

माझे स्पष्ट मत असे की, संघाच्या शिबिरात ही चाचणी यादीत आपोआप घालू नये. ज्याला करावयाची त्याने तिचा अर्थ आधी समजून घेऊन करावी. अहवाल इंग्रजीत, डॉक्टर कन्नडमध्ये बोलणारे आणि रुग्ण मराठी, अशी आपल्या सीमाभागाची स्थिती आहे; म्हणून अहवाल वाटण्याच्या दिवशी समजावून सांगणारा एक दुभाषी डॉक्टर संघाने बसवावा. बेळगावात वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत, आणि २०२५ च्या जानेवारीत के. एल. ई. संस्थेचे कर्करोग रुग्णालयही सुरू झाले आहे. निपाणीच्या माणसाने पहिल्याच अहवालावर घाबरून मुंबईची गाडी पकडण्याचे कारण उरलेले नाही.

मुलांना व सुनांना एकच विनंती: वडीलधारी मंडळी रात्री वारंवार उठत असतील तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नका, त्यांना एकटे न पाठवता सोबत जा आणि औषधांची यादी बरोबर ठेवा. आणि माझ्या समवयस्क बंधूंनो, ज्या व्यवहारात लाखांची उलाढाल असते तेथे आपण दोनदा विचारतो. देहाच्या व्यवहारात तोंड उघडण्यास लाज कसली?