विचारलें खरें, पण ऐकलें कोठें?

आपल्या घराची मालकी जमिनीखालीं किती खोल जाते, हा प्रश्न आमच्या वाचकांपैकीं फार थोड्यांच्या मनांत आला असेल. खरेदीखतांत क्षेत्रफळ असतें, चतुःसीमा असतात. खोली कोणी लिहून घेत नाहीं. इंग्लंडांत मात्र हाच प्रश्न गेल्या दशकांत इतका चिघळला कीं, त्यापायीं हजारों गृहस्थांनीं सरकारास पत्रें धाडलीं. त्या पत्रांचें काय झालें, हें प्रत्येक कुटुंबानें समजून घेण्यासारखें आहे.

ज्याची भूमि, त्याचेंच वरचें आकाश व खालचें पाताळ, अशी तेथील जुन्या कायद्याची धारणा आहे. २०१० सालीं ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापुढें एक प्रकरण आलें. सरे परगण्यांतील एका जहागिरीखालून तेलाच्या कंपनीनें तिरप्या विहिरी नेल्या होत्या आणि मालकाची अनुमति घेतली नव्हती. विहिरी शेंकडों फूट खोल होत्या. वरच्या भूमीच्या उपभोगास त्यांचा कांहींही उपसर्ग नव्हता. तरीही, हें अतिक्रमणच होय, असा निर्णय झाला. भूगर्भांतील तेल व वायु १९३४ च्या कायद्यान्वयें राजसत्तेचे. परंतु तेथवर जाण्याची वाट मालकाची, असा याचा अर्थ. भरपाई म्हणून मालकाच्या पदरांत अवघे १,००० पौंड पडले, ही गोष्ट निराळी. तत्त्व टिकलें.

आतां 'फ्रॅकिंग' म्हणजे काय तें पाहूं. प्रथम सरळ खालीं दोन-तीन किलोमीटर खोल, पण अगदीं अरुंद, अशी विहीर पाडतात. मग ती खडकाच्या थरांतून आडवी वळवितात. तिच्यांतून पाणी, वाळू व थोडीं रसायनें प्रचंड दाबानें सोडलीं म्हणजे शेल नांवाचा घट्ट खडक तडकतो. वाळूचे कण भेगा मिटूं देत नाहींत, आणि खडकांत कोंडलेला वायु मोकळा होतो. अशी आडवी विहीर एकाच्या हद्दींत मावत नाहीं. ती अनेकांच्या घरांखालून जाते. म्हणजे प्रत्येकाची संमति हवी, आणि एकानेंही 'नाहीं' म्हटलें तर न्यायालयाची पायरी चढणें आलें.

हा अडसर काढण्यासाठीं २०१४ च्या मे महिन्यांत सरकारनें एक योजना मांडली. ३०० मीटर व त्याहून खोल असलेल्या भूमींतून मालकास न विचारतां जाण्याचा हक्क कंपन्यांस असावा. मोबदल्यादाखल प्रत्येक आडव्या विहिरीमागें २०,००० पौंड कंपनीनें स्वेच्छेनें द्यावेत, आणि तेही घरमालकास नव्हे, तर त्या वस्तीस. या योजनेवर लोकांचें मत मागविण्यांत आलें. ऑगस्टपर्यंत ४०,६४७ उत्तरें आलीं. त्यांपैकीं शेंकडा ९९ विरोधाचीं होतीं. सप्टेंबरांत सरकारनें कळविलें कीं, मूळ धोरण बदलावें असें त्यांत कांहीं आढळलें नाहीं. २०१५ च्या फेब्रुवारींत तो हक्क कायद्यानें दिला गेला.

सरकारची बाजू अगदींच लंगडी होती असें आम्ही म्हणत नाहीं. ३०० मीटर खोल कोणी तळघर बांधीत नाहीं. एका हट्टी मनुष्यानें साऱ्या देशाचें इंधन अडवावें हेंही बरें नव्हे. प्रत्यक्ष खडक फोडण्याचें काम १,००० मीटरांच्या वर करूं नये, असें बंधनही त्याच कायद्यानें घातलें. आलेल्या उत्तरांपैकीं बरींचशीं एकाच मजकुराचीं होतीं, हेंही खरें. परंतु दुसऱ्यानें लिहिलेल्या अर्जावर सही करणारा मनुष्य कांहीं खोटा ठरत नाहीं. शिवाय लोकांची धास्ती कल्पित नव्हती. २०११ सालीं ब्लॅकपूल शहराजवळ याच उद्योगानें २.३ प्रतीचा भूकंपाचा धक्का बसला होता, आणि त्या वेळीं खुद्द सरकारनेंच काम थांबविलें होतें.

आमचा आक्षेप निराळाच आहे. एकत्र कुटुंबांत कर्त्या पुरुषास सर्वांचें मत मानतां येतेंच असें नाहीं. कधीं कधीं सर्वांच्या मनाविरुद्धही निर्णय घेणें त्यास भाग पडतें. तसें असेल तर त्यानें तें उघड सांगावें आणि कारण द्यावें. परंतु सुनेस 'दागिने मोडूं का?' म्हणून विचारावें, आणि तिचें उत्तर ओठांबाहेर पडण्यापूर्वींच दागिने सोनाराच्या तराजूंत असावेत, तर तें विचारणें नव्हे. ती तिच्या मताची अवहेलना होय. न विचारल्याचें दुःख मनुष्य विसरतो. विचारून न ऐकल्याचें विसरत नाहीं.

तसेंच झालें. लँकेशर परगण्यांत प्रेस्टन न्यू रोड येथील फ्रॅकिंगास तेथील कौन्सिलानें २०१५ च्या जूनमध्यें नकार दिला. २०१६ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या मंत्र्यानें तो फिरविला. पुढें रस्त्याच्या कडेला गांवकऱ्यांचा पहारा, निदर्शनें, अटका हें सर्व ओघानेंच आलें. २०१८ च्या ऑक्टोबरांत खडक फोडण्यास प्रारंभ झाला. ०.५ प्रतीचा धक्का बसतांच काम थांबवावें असा नियम होता, आणि कामास तसा खंड वारंवार पडूं लागला. २६ ऑगस्ट २०१९ रोजीं २.९ प्रतीचा धक्का बसला व आसपासचीं घरें हादरलीं. नोव्हेंबरांत सरकारनें इंग्लंडभर फ्रॅकिंग स्थगित केलें. २०२२ च्या सप्टेंबरांत एका अल्पजीवी मंत्रिमंडळानें ही स्थगिति उठविली. ऑक्टोबर संपण्यापूर्वींच त्याच्या जागीं आलेल्या मंत्रिमंडळानें ती पुन्हां लागू केली.

चाळीस हजार पत्रांनीं जें झालें नाहीं, तें भूमीच्या एका हादऱ्यानें झालें. यांत लोकांचा विजय आहे असें मानून कोणी समाधान पावेल. आम्हांस तें साधत नाहीं. कारण भूमि हादरली नसती तर तीं पत्रें दप्तरांतच पडून राहिलीं असतीं, आणि घरांखालून जाण्याचा तो हक्क तर कायद्यानें आधींच दिलेला होता. राज्य असो वा कुटुंब असो, ज्याच्या डोक्यावरचें छप्पर व पायाखालची भूमि पणास लागते, त्याचा नकार वेळींच ऐकण्याची संवय वडीलधाऱ्यांनीं लावून घ्यावी. जेथें नकारास जागा नाहीं, तेथील होकारासही कांहीं मोल उरत नाहीं.