बसलेली गाडी

“काका, गाडी बसवायची हाय,” पुतण्या म्हणाला. आमच्या वेळी गाडी आपोआप बसायची आणि अख्खं घरदार उतरून ढकलायचं. याला पैसे मोजून बसवायची होती!

गाडी म्हणजे थोरल्या बंधूंची १९६१ची शेव्हरोलेट इम्पाला. दादा गेले, तरी कळंब्यात ती अजून ‘दादांची गाडी’च आहे. तिच्या स्प्रिंगांचे दोन-दोन वेढे कापून तिला जमिनीला टेकवायचं म्हणे.

“अमेरिकेत असंच करत्यात.”

करतात ना! कॅलिफोर्नियातली मेक्सिकन पोरं डिकीत वाळूची पोती टाकून गाड्या खाली आणत. सरकारने बंदी घातली, तेव्हा १९५९ साली रॉन अगिरे नावाच्या पठ्ठ्याने विमानाच्या भंगारातले हायड्रॉलिक पंप बसवले. पोलीस दिसला, की गाडी वर! अरे, पोती काढता येतात, पंपाने गाडी उचलता येते. कापलेला वेढा कोण जोडणार, तुझा मेस्त्री? शिवाय उरलेली स्प्रिंग ताठरते आणि खड्ड्यात सांगाडा आपटतो तो वेगळाच. गाडी खाली बसवशील, गतिरोधक कुठे बसवशील?

दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक दसरा चौकात येते, ती काय रांगत येते?

आणि वहिनी? दर शुक्रवारी त्याच गाडीतून अंबाबाईला जातात. त्यांच्या गुडघ्यांना आत्ताची सीट कशीबशी सोसते. “खाली बसवलीस, तर आईला बाहेर काढायला क्रेन आण,” मी म्हणालो.

“पण लई भारी दिसंल, काका!”

किल्ली सध्या माझ्या उशाखाली आहे.