वजन बदललं, सेटिंग तेच!

ट्रिप ठरली की आपण काय काय करतो? सॅडलबॅग मागवतो, मोबाइल होल्डर बसवतो, टाकी फुल्ल करतो. मग मागे दोस्त बसतो, त्याच्या पाठीवर सॅक, कॅरियरला तंबू. बघता बघता बाइकवर ऐंशी-नव्वद किलो जादा चढतात. आणि बाइकचं सेटिंग? शोरूममधून आली त्या दिवशी होतं तेच! माझं म्हणणं साधं आहे. वजन बदललं की हवा आणि शॉकअप बदलायलाच हवेत. ही एक्स्पर्ट लोकांची हौस नाही, गाडी चालवण्याचाच भाग आहे.

ही गोष्ट नीट समजून घ्यायची तर अमेरिकेतल्या टूरिंगवाल्यांकडे बघा. तिथे होंडा गोल्डविंगसारख्या मोठ्या बाइकच्या मागे सामानाचा छोटा ट्रेलर जोडून लोक लांबच्या प्रवासाला निघतात. काही ट्रेलरना स्प्रिंगऐवजी एअर सस्पेन्शन असतं, म्हणजे रबरी फुगा आणि त्यात दाबलेली हवा. सामान भरलं की हवा वाढवायची, उतरवलं की कमी करायची. हवा कमी पडली तर भरलेला ट्रेलर खाली बसतो आणि प्रत्येक खड्ड्यात आपटतो. उलट भरलेल्या ट्रेलरची हवा रिकाम्यात तशीच ठेवली तर तो उड्या मारतो. चाक हवेत असेल तेवढा वेळ रस्त्यावरची पकड शून्य! दोन बाजूंना वेगळे फुगे असतील तर दाब सारखा ठेवावा लागतो, नाहीतर ट्रेलर एका अंगाला कलतो. फुग्यातली जागा छोटी असते. पेट्रोल पंपावरचा कॉम्प्रेसर लावला तर क्षणात दाब मर्यादेपलीकडे जाऊ शकतो. म्हणून छोटा हातपंप वापरायचा आणि थोडी थोडी हवा भरत जायचं.

आपल्याकडे हे दृश्य दिसत नाही, पण तत्त्व रोज दिसतं. रिकामा टेम्पो स्पीडब्रेकरवर कसा धाडधाड उडतो? त्याचे पाटे भरलेल्या मालाच्या हिशेबाने बनवलेले असतात. एअर सस्पेन्शनच्या बसमध्ये मात्र प्रवासी कमी-जास्त झाले तरी व्हॉल्व्ह आपोआप हवा घेतो-सोडतो आणि बसची उंची तीच राहते. आपल्या बाइकला असा व्हॉल्व्ह नाही. तिचा व्हॉल्व्ह म्हणजे आपणच.

बहुतेक बाइकच्या मागच्या शॉकअपला खाली पायऱ्या असलेली एक कडी असते. टूलकिटमधल्या आकड्यासारख्या पान्याने ती फिरवली की स्प्रिंग आधीच थोडी दाबली जाते. यालाच प्रीलोड म्हणतात. याने स्प्रिंग कडक होते असं बरेच जण समजतात. तसं नसतं. स्प्रिंग तीच राहते, फक्त वजनाने खाली बसलेली बाइक पुन्हा आपल्या उंचीवर येते. हवेच्या सस्पेन्शनचं वेगळं आहे, तिथे दाब वाढला की उंची वाढते आणि कडकपणाही.

पण उंचीचं एवढं काय? मागची बाजू बसली की पुढची उचलली जाते. हेडलाइट रस्ता सोडून समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. पुढच्या चाकावरचं वजन हलकं होतं, हँडल सैल वाटतं, वळणावर बाइक बाहेर जायला बघते. आता हे ताम्हिणीच्या वळणावर, रात्री, पावसात होतंय अशी कल्पना करा.

मोजायला फक्त टेप लागते. मेन स्टँडवर मागचं चाक अधांतरी ठेवा आणि ॲक्सलपासून सरळ वर, सीटखालच्या एखाद्या ठरावीक खुणेपर्यंत अंतर मोजा. मग सगळं सामान चढवून दोघं बसा आणि मित्राला पुन्हा तेच अंतर मोजायला सांगा. चाकाचा एकूण प्रवास 100 मिलिमीटर असेल तर साधारण 30 मिलिमीटरचा फरक ठीक. 50 आला तर कडी एक-दोन पायऱ्या वर घ्या. टायरची हवा टायर गार असतानाच तपासा. एकट्यासाठी आणि डबलसीटसाठी आकडे वेगळे असतात, ते मॅन्युअलमध्ये आणि बऱ्याच बाइकवर स्टिकरवरच छापलेले असतात. जड सामान खाली आणि पुढे, हलकं वर. ट्रिपहून आलात की सगळं परत पहिल्यासारखं करा.

'हे मेकॅनिक बघेल ना!' पण मेकॅनिकने बाइक दिली तेव्हा मागे दोस्तही नव्हता आणि तंबूही नव्हता. वजन कधी बदलतं हे फक्त आपल्याला माहीत असतं. आणि हा प्रश्न फक्त ट्रिपवाल्यांचा नाही. फूड डिलिव्हरी करून फी भरणारी मुलं आपल्याच वर्गात आहेत. 2020 साली केंद्र सरकारने बाइकवरच्या डब्याचं माप ठरवलं: लांबी 550, रुंदी 510, उंची 500 मिलिमीटरपर्यंत. डबा मागच्या सीटच्या जागी असेल तर दुसरा माणूस बसवायचा नाही, हेही ठरवलं. छान झालं. पण डबा देणाऱ्यांनी सोबत शॉकअप कसा सेट करायचा हेही शिकवायला हवं. आणि बाइक कंपन्यांनी हवेच्या आकड्यांशेजारी प्रीलोडचा तक्ताही चिकटवावा. एका स्टिकरला असा किती खर्च येतो?

2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली, त्यातली सुमारे 44.5 टक्के दुचाकीवरची होती. हे सगळे शॉकअपमुळे गेले असं कुणी म्हणणार नाही. वेग, हेल्मेट, खड्डे, बरंच काही आहे. पण खड्डे बुजवणं आपल्या हातात नाही, कडी फिरवणं आहे. आणि त्याचा फायदा सगळ्यात जास्त कुणाला? मागे बसलेल्याला. त्याच्या हातात ना हँडल, ना ब्रेक. तो फक्त आपल्या भरवशावर बसलेला असतो. त्याच्यासाठी दहा मिनिटं आणि एक पाना, एवढं तरी आपण काढूच शकतो.