पुलाखालच्या पाण्याचीही तजवीज व्हावी

संपादक महाशय,


पूर्णगडच्या तटावर उभे राहिले म्हणजे मुचकुंदी नदीचे मुख, पलीकडील गावखडीचे सुरूचे बन आणि दोन्ही तीरांस सांधणारा पूल एकाच दृष्टिक्षेपात येतात. पावसहून कशेळीच्या कनकादित्यास वा आडिवऱ्याच्या महाकालीस निघालेला यात्रेकरू आज खाडी केव्हा ओलांडली हे न कळताच पलीकडे पोहोचतो. आणि अपरात्री आजाऱ्यास रत्नागिरीस नेणाऱ्या कुटुंबास या पुलाचे मोल काय वाटते, हे मी सांगावयास नको. तेव्हा पुलाविरुद्ध माझा एक शब्दही नाही. माझी तक्रार आहे ती, पूल झाला म्हणजे खाडीचे काम संपले, या समजुतीविरुद्ध.

ही समजूत रुजण्याचे कारण उघड आहे. पूल बांधकाम खात्याच्या दप्तरी, बंदर सागरी मंडळाच्या दप्तरी. त्यामुळे रस्त्याच्या खर्चाचा अंदाज तयार होताना पुलाखालून जाणाऱ्या होडीचा उल्लेख करणे कोणाच्याच कर्तव्यात मोडत नाही. परिणाम काय होतो तो मी गेल्या माघात अनुभवला. वृद्ध पाहुण्यांसह होडीने परतत असता ओहोटी लागली, नाखव्याने वल्ह्याने गाळ चाचपून पाहिला आणि काठापासून दहा-बारा हातांवर होडी थांबविली. पाहुण्यांना दोघांनी खांद्यावर घेऊन उतरविले; मी गुडघाभर चिखलातून चालत आलो आणि खडकाला चिकटलेल्या कालवांच्या धारेने तळवा चिरून घेतला. उधाणाच्या दिवसांत जेथे पाणी पुरुषभर चढते-उतरते, तेथे भरतीच्या वेळेपुरता उपयोगी पडणारा उतारा हा अर्धाच उतारा होय.

यावरील उपाय अपूर्व नाही. दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर २००३ पासून मोटारी चढतात-उतरतात, त्या पाण्यात उतरत गेलेल्या धक्क्यामुळे. आपल्याकडे मोटारीसाठी पूल आहेच; हवा आहे तो माणसांपुरता, नीच ओहोटीच्या पाण्यापर्यंत पोहोचणारा, खरबरीत पायऱ्यांचा व कठड्याचा उतारा, दोन्ही तीरांवर. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाच्या निमित्ताने किनाऱ्यावरील पूल व जोडरस्ते यांवर मोठा खर्च मंजूर होत असता त्यात या पायऱ्यांची तरतूद करणे जड नाही.

असा उतारा झाला की नौकाविहाराच्या होड्या येतील व त्यांबरोबर गोंगाट येईल, ही शंका रास्त आहे, व तिचे उत्तर आधीच दिले पाहिजे. गावखडीच्या वाळूत समुद्री कासवे अंडी घालावयास येतात. तेथे यांत्रिक होड्या वा प्रखर दिवे मुळीच नकोत. नौकाविहार पुलाच्या वरच्या अंगास, साटवलीच्या दिशेने व्हावा. एके काळी गलबते ज्या वाटेने आत जात, ती ही वाट. मक्ता द्यावयाचा तर तो येथल्याच नाखव्यांस द्यावा, कारण खाडीतला गाळ कोठे सरकला हे त्यांनाच ठाऊक असते. उतारूंची संख्या फलकावर लिहिलेली असावी, प्रत्येकाच्या अंगी जीवरक्षक जाकीट असावे आणि पावसाळ्यात होडी काठावर ओढून ठेवावी. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात सहलीची होडी उलटून १४ जीव गेले, त्यांत बहुतेक शाळकरी मुले होती. शांत तलावात हे घडते, तर ओहोटीच्या ओढीत हयगय कशी चालेल?

पुलाचीही उपेक्षा नको. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील जुना पूल पुरात कोसळून एस. टी. च्या दोन गाड्या वाहून गेल्या, हे कोकणातील माणूस विसरलेला नाही. पुलाच्या खांबांचा पायथा पाहावयास अंमलदारांना होडीतूनच जावे लागेल, आणि त्यांनाही उतरावयास पायऱ्या लागतील.

तरी दोन्ही खात्यांच्या अधिकाऱ्यांनी एकदा एकत्र, आणि भर ओहोटीच्या वेळी, खाडीकाठी येऊन जागेची पाहणी करावी, अशी आपल्या पत्राद्वारे माझी नम्र विनंती आहे.

आपला,
एक वाचक, पूर्णगड (जि. रत्नागिरी)