दुकानाचे माप आणि अंगाचे माप

तयार कपड्यांचा प्रघात आपल्या घरांत आता इतका रुळला आहे की, शिंप्याकडे माप देण्यास जाणे हे बहुधा लग्नकार्यापुरतेच उरले आहे. लुगड्यास माप नव्हते. नऊवारी असो की सहावारी, सासूचे लुगडे सुनेस आणि थोरलीचे धाकटीस बिनबोभाट होत असे. चोळी तेवढी अंगाबरहुकूम, आणि तिचे माप शिंप्याच्या वहीत त्या त्या बाईच्या नावे टिपलेले असे. त्या वहीच्या जागी आता कपड्याच्या मानेशी शिवलेली एक पट्टी आली आहे. तिच्यावरील एस, एम, एल, एक्सएल या अक्षरांविषयी आज लिहावयाचे आहे.

नवी मुंबईत वाशी, सीवूड्स या बाजूस एकाच छपराखाली कपड्यांची पुष्कळ दुकाने असतात. एका दुकानातील ‘एम’ जिला सैल होतो, तीच मुलगी चार पावलांवरच्या दुकानात ‘एक्सएल’मध्येही शिरत नाही. विक्रेत्यास विचारावे, तर “आमचे माप जरा लहानच असते,” असे उत्तर मिळते. आणि ते खरेही असते! ‘एम’ म्हणजे छातीशी अमुक इंच, असे सर्व कारखानदारांवर बंधन नाही. प्रत्येक कंपनी आपले गिऱ्हाईक कोण हे मनाशी ठरवून तशा एका व्यक्तीच्या अंगावर नमुना बेतते, आणि तोच नमुना ठराविक अंतराने वाढवून वा घटवून बाकीची मापे काढते. एकीच्या मनात महाविद्यालयातील मुलगी असते, दुसरीच्या मनात दोन मुलांची आई. शिवाय काही व्यापारी मोठ्या कपड्यावर बुद्ध्याच लहान अक्षर लावतात, गिऱ्हाईक खूश व्हावे म्हणून. पुरुषवर्गाने हसू नये. सदऱ्यावरील ‘४०’ हा आकडा कोठे गळपट्टीचे सेंटिमीटर दाखवितो, तर कोठे छातीचे इंच.

ही अडचण केवळ आपल्याकडील नव्हे. अमेरिकेच्या शेतकी खात्याने १९३९-४० साली सुमारे १५,००० स्त्रियांची प्रत्येकी ५९ मापे घेतली. पुढे १९५८ साली तेथे स्त्रियांच्या कपड्यांसाठी प्रमाण मापे जाहीर झाली. परंतु त्या मोजणीत गौरेतर स्त्रियांची मापे हिशेबात धरली नव्हती, आणि ती प्रमाणे पाळण्याची सक्तीही नव्हती; १९८३ साली ती मागे घेण्यात आली. आपल्याकडील अनेक कंपन्यांनी परदेशी तक्त्यांतच थोडाफार फेरफार करून काम भागविले. खांदा बसला तर कंबर ढगळ, कंबर बसली तर बाही बोटांवर, अशी तक्रार घरोघर ऐकू येते, तिचे एक कारण येथे आहे.

राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेची, म्हणजे ‘निफ्ट’ची, मुंबई शाखा खारघरला आहे. या संस्थेने केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या साह्याने ‘इंडियासाईझ’ नावाची मोजणी हाती घेतली. सहा शहरांतील १५ ते ६५ वयाच्या २५,००० स्त्री-पुरुषांची मापे यंत्राने, अंगास हात न लावता घ्यावी आणि त्यांवरून भारतीय बांध्याचा तक्ता करावा, असा तिचा संकल्प. मुंबई त्या सहांतील एक. संकल्प स्तुत्य आहे. मात्र तक्ता झाला तरी कारखानदार तो पाळतील काय, हा प्रश्न अमेरिकेच्या उदाहरणावरून मनात येतोच.

पैसा आणि हेलपाटे यांहून एक मोठे नुकसान आहे, आणि आमचा खरा रोख त्याकडे आहे. कपडा घालून पाहण्याच्या अरुंद खोलीतून सोळा वर्षांची मुलगी रडवेली होऊन बाहेर येते, ती कपडा बसला नाही म्हणून नव्हे, तर अक्षर वाढले म्हणून. घरी आल्यावर आत्याबाई वा काका चारचौघांत थट्टा करतात. दुसऱ्या दिवसापासून पोरीची भाकरी अर्धी होते. शरीर कालचेच असते, बदललेले असते ते दुकान! वडीलधाऱ्यांनी ही थट्टा कटाक्षाने टाळावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. वजनाची खरोखरच काळजी वाटत असेल तर डॉक्टरांकडे जावे.

भेटीदाखल कपडे देणाऱ्यांची आणखी पंचाईत. पूर्वी खण-लुगडे, धोतरजोडी दिली की काम भागे. आता भाचेसुनेस कुर्ता द्यावयाचा तर तिचे माप विचारणे अप्रशस्त वाटते, आणि अंदाजाने मोठा नेला तर ती मनात काय म्हणेल ही धास्ती. अशा वेळी दुकानातून बदलून मिळण्याची मुदत आधी विचारून घ्यावी व पावती कपड्यासोबतच द्यावी.

२०२२ साली केंद्र सरकारने वजनमापांच्या नियमांत दुरुस्ती करून, सुट्या विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यांवर अक्षरासोबत सेंटिमीटरचा आकडाही असावा असे ठरविले. अक्षर सोडून तो आकडा पाहावा, आणि तो अंगाचा की कपड्याचा हे विचारावे. घरच्या वहीत प्रत्येकाची छाती, कंबर, नितंब, खांदा व बाही यांची मापे तारखेसह टिपून ठेवावी. वाढत्या मुलांची दर सहा महिन्यांनी नवी घ्यावी. नीट बसणारा एक कुर्ता जमिनीवर सपाट पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजावा व त्याची दुप्पट लिहावी. दुकानात जाताना मोजपट्टी पिशवीत असू द्यावी, आणि ती काढताना विक्रेत्याकडे पाहून संकोचू नये.