सूर्याकडे मागावे ते आरोग्य

माघ शुद्ध सप्तमीला, म्हणजे रथसप्तमीला, सूर्याचा रथ वळतो, दिवस तिळातिळाने मोठा होत जातो आणि त्या दिवशी आपण सूर्याकडे धन मागत नाही, आरोग्य मागतो. अंगणात सात घोड्यांच्या रथाची रांगोळी, गोवऱ्यांवर ठेवलेल्या सुगडातून उतू जाणारे दूध आणि संक्रांतीपासून चाललेल्या हळदीकुंकवांची सांगता. न्यू जर्सीत, शिकागोच्या उपनगरांत अंगण बर्फाखाली असते, गोवरी सहज मिळत नाही, म्हणून आपण शेगडीवरच दूध उतू जाऊ देतो. मागणे मात्र तेच राहते, लेकरांना निरोगी ठेव. २०२६ मध्ये ही सप्तमी २५ जानेवारीला, रविवारी, म्हणजे सूर्याच्याच वारी आली. या दिवसांत मुलांच्या बास्केटबॉलचा हंगाम भरात असतो, वसंतातल्या धावण्याच्या शर्यतींचा सराव तोंडावर आलेला असतो. अशा वेळी त्या मागण्यासोबत आपल्याकडे कोणते कर्तव्य येते, हे पाहायला हवे.

अमेरिकेतल्या जानेवारीला एक दुसरी आठवणही जडली आहे. २ जानेवारी २०२३ च्या रात्री सिनसिनाटीत बफेलो बिल्स या फुटबॉल संघाचा २४ वर्षांचा डॅमार हॅमलिन एका टॅकलनंतर उठून उभा राहिला आणि पुढच्याच क्षणी पाठीवर कोसळला. संघाचे सहायक ॲथलेटिक ट्रेनर डेनी केलिंग्टन यांनी मैदानावरच त्याची छाती दाबायला सुरुवात केली, यंत्राने हृदयाला झटका दिला गेला आणि थांबलेले हृदय पुन्हा चालू लागले. त्याला रुग्णालयात नेऊन काही तासही उलटले नसतील, तोवर समाजमाध्यमांवर अनेकांनी कारण ठरवूनही टाकले होते: कोविडची लस. पुढे एप्रिलमध्ये त्याने स्वतःच डॉक्टरांचे निदान सांगितले. कमोशिओ कॉर्डिस, म्हणजे हृदयाच्या ठोक्यातल्या एका अतिनाजूक क्षणी छातीवर बसलेला आघात. त्याच वर्षी तो पुन्हा मैदानात उतरला. जुलै २०२३ मध्ये बास्केटबॉलपटू ब्रॉनी जेम्स सरावात कोसळला तेव्हाही लसीलाच दोष दिला गेला, आणि संभाव्य कारण निघाले जन्मजात हृदयदोष.

तरुण खेळाडू मैदानावर कोसळणे हे दुःख लसीच्या फार आधीचे आहे. बास्केटबॉलपटू हँक गॅदर्स ४ मार्च १९९० रोजी, अवघ्या २३ व्या वर्षी, खेळता खेळता गेला. फ्लोरिडा विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू कियॉन्टे जॉन्सन १२ डिसेंबर २०२० रोजी कोसळला, तेव्हा अमेरिकेत सामान्य माणसाला लस मिळू लागलीच नव्हती. देशभरातल्या तरुण स्पर्धात्मक खेळाडूंच्या अशा घटना अभ्यासकांनी मोजल्या, तेव्हा २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत २०३ आणि २०२० ते २०२२ या तीन वर्षांत १८४ आढळल्या. ज्या लाटेची भीती घातली गेली, ती त्या मोजणीत दिसली नाही.

पण एवढे सांगून थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. एमआरएनए लसीनंतर काही मुलांच्या हृदयस्नायूला सूज आली, हे खरे आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २५ जून २०२१ रोजीच तसा इशारा लसीच्या माहितीपत्रकात घातला. हा त्रास बहुतेक करून किशोरवयीन मुलगे आणि तरुणांना, दुसऱ्या डोसनंतरच्या थोड्या दिवसांत झाला; पुढे दोन डोसांत आठ आठवड्यांचे अंतर ठेवण्याचा सल्ला आला तो याचमुळे. २०२५ मध्ये बदललेल्या माहितीपत्रकात १२ ते २४ वर्षांच्या मुलग्यांसाठी दहा लाख डोसांमागे सुमारे २७ असा आकडा आहे. बहुतेक मुले बरी झाली. तरीही ज्याला तीन ते सहा महिने धावू नको असे डॉक्टर सांगतात, त्या सतरा वर्षांच्या मुलाचा सबंध हंगाम जातो, आणि विद्यापीठांचे प्रशिक्षक निवडीसाठी बघायला येतात तेही त्याच वर्षी. त्याच्या आईने डॉक्टरांना प्रश्न विचारले म्हणून तिला अडाणी ठरवणारे आपल्यातही होते. मार्च २०२१ मध्ये रटगर्स विद्यापीठाने देशात सर्वांत आधी विद्यार्थ्यांना लस सक्तीची केली, तेव्हा न्यू जर्सीतल्या किती मराठी घरांत जेवणाच्या टेबलावर शांतपणे बोलणे अवघड झाले, हे आपण जाणतो.

आजाराचे पारडेही रिकामे नाही. बिग टेन या क्रीडासंघटनेतल्या विद्यापीठांनी २०२० मध्ये, लस येण्याआधी, कोविड होऊन गेलेल्या १,५९७ खेळाडूंची हृदये एमआरआयने तपासली. ३७ जणांत स्नायूची सूज आढळली. यातल्या बऱ्याच जणांना काहीच जाणवत नव्हते, त्यामुळे हा आकडा आणि लसीचा आकडा शेजारी ठेवून सरळ वजाबाकी करू नये. २०२५ मध्ये निरोगी मुलांना सरसकट ही लस देण्याची केंद्रीय शिफारसही मागे घेतली गेली. निर्णय डॉक्टर आणि आईवडील यांच्यात आला, म्हणून त्याची जबाबदारी आपल्यावर अधिक आली. देवीच्या लसीचा वण दंडावर घेऊन ज्यांनी आयुष्य काढले, त्या आजीआजोबांचा विश्वास आणि इथे वाढलेल्या मुलांचे प्रश्न, दोन्ही या घरात मावले पाहिजेत.

एका जागी मात्र आपण फार कमी पडतो. शाळेच्या क्रीडातपासणीच्या अर्जावर एक प्रश्न असतो: कुटुंबात कोणी कमी वयात अचानक, हृदयविकाराने गेले आहे का? आपण घाईत ‘नाही’वर खूण करतो. प्रत्यक्षात साताऱ्याचे काका अडतिसाव्या वर्षी झोपेतच गेलेले असतात, आणि घरात तो विषय हळू आवाजातच निघतो, किंवा निघतच नाही. धावताना मुलीला एकदा भोवळ आली होती, हेही आपण लिहीत नाही, कारण तिला संघातून काढतील अशी धास्ती वाटते. लसीवर रात्र रात्र वाद घालणाऱ्या आपल्या घरांतून ही खरी माहिती डॉक्टरांपर्यंत पोहोचत नाही, याचे फार वाईट वाटते. रथसप्तमीच्या शुभेच्छांसाठी आत्याला फोन होईलच. त्याच फोनवर हे विचारून घ्यावे, आणि उत्तर अवघड निघाले तरी अर्जावर लिहावे.

हृदय थांबल्यावर छाती न दाबता आणि झटका न मिळता गेलेल्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. हॅमलिनजवळ माणूसही होता आणि यंत्रही. आपल्या मंडळांची हळदीकुंकवे बहुधा शाळांच्या सभागृहांत होतात, आणि तशाच शाळांच्या मैदानांवर आपली मुले खेळतात. तिथली एईडीची, म्हणजे झटका देणाऱ्या यंत्राची, पेटी कुठल्या भिंतीवर आहे, शनिवारी ते दार उघडे असते का, सरावाला हजर असणाऱ्यांपैकी छाती दाबणे कोणाला येते, हे अशा कार्यक्रमातच विचारता येईल. एक प्रशिक्षक आणि एक सरावाचा पुतळा बोलावला, तर सुगडे आणि तिळगुळाच्या शेजारीच तासाभरात तीस बायका आणि तितकेच पुरुष ते शिकू शकतील. लस घेतलेले आणि न घेतलेले, दोन्हीही.