घर दुरुस्त करायचे, की वाट पाहायची?

सोलापूर : विशेष प्रतिनिधी

नवे घर घेणाऱ्यासाठी बँका, बांधकाम व्यावसायिक आणि सरकारी योजना असे सारेच दार उघडून उभे असतात. जुने घर सावरू पाहणाऱ्याच्या वाट्याला मात्र बहुधा गवंड्याचा अंदाज आणि शेजाऱ्याचा सल्ला एवढेच येते. सोलापुरात सात रस्ता चौकाच्या आसपास आणि पुढे जुन्या पेठांतून फिरताना ही विषमता डोळ्यांत भरते. येथे दुरुस्तीला आलेली घरे पुष्कळ आहेत आणि दुरुस्तीचा निर्णय लांबणीवर टाकणारी कुटुंबेही तितकीच आहेत. हा विलंब आळसातून आलेला नाही. रस्ता नेमका कुठून जाणार, कर्जाचा हप्ता किती राहणार आणि हातातला धंदा टिकणार का, हे ठाऊक नसताना घरात लाखभर रुपये घालावेत कसे, हा त्यामागचा सरळ प्रश्न आहे.

सात रस्त्यांची भूमिती

या भागातील घरे तऱ्हेवाईक आहेत, ती कोणाच्या लहरीमुळे नव्हेत. जेथे रस्ते काटकोनात मिळत नाहीत तेथे भूखंडही चौकोनी राहत नाहीत. कोठे पुढे अरुंद व मागे रुंद असा गोमुखी तुकडा, कोठे त्याच्या उलट व्याघ्रमुखी, तर कोठे निव्वळ त्रिकोण. त्यात भावाभावांच्या वाटण्या झाल्या की एका वाड्याचे तीन संसार होतात, जिना बाहेरून निघतो आणि एकाची मोरी दुसऱ्याच्या ओसरीला लागते. शहराच्या पूर्व भागात तर घर आणि माग यांचा संसार पिढ्यान्‌पिढ्या एकाच छताखाली चालत आला. माग विकला गेला की त्या खोलीचे काय करायचे, हा तेथील घरसजावटीचा पहिला प्रश्न असतो.

अशा घरांत दुकानातले तयार फर्निचर बसत नाही. कोपरा काटकोनात नसेल तर कपाट भिंतीला टेकत नाही आणि दार अडीच फुटांचे असेल तर सोफा आत शिरत नाही. त्यामुळे जागेवर माप घेऊन काम करणारा सुतार येथे चैनीचा नसून गरजेचा ठरतो. जुन्या तुळया, कडीपाटाच्या फळ्या, भिंतीतल्या देवळ्या आणि शहाबादी फरशी यांचा पुनर्वापर केल्यास खर्च आटोक्यात राहतो, असा अनेक कारागिरांचा अनुभव आहे. आणि चादर, टॉवेल, भिंतीवरचे विणलेले चित्र यांसाठी सोलापूरकराला दूर जाण्याचे कारण नाही. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोहोंना भौगोलिक मानांकन लाभलेले आहे.

रेषेतली घरे

या परिसरातील अनिश्चिततेचे सर्वांत ठळक रूप म्हणजे उड्डाणपूल. जुना पुणे नाका ते सात रस्ता आणि जुना बोरामणी नाका ते मोरारका बंगला अशा दोन उड्डाणपुलांचा विषय शहरात अनेक वर्षे गाजला आणि भूसंपादनात तो वर्षानुवर्षे अडकून पडला. पूल व्हावा की नाही, हा वेगळा वाद आहे. वाहतुकीची कोंडी खरी आहे. होटगी रस्त्यावरील विमानतळावरून जून २०२५ मध्ये प्रवासी विमानसेवा सुरू झाल्यानंतर या रस्त्यांचे महत्त्व आणखी वाढले. परंतु ज्याचे घर संभाव्य रेषेत येते, त्याच्या दृष्टीने पुलाइतकाच जाच प्रतीक्षेचा आहे. छत गळते, पण बदलावे तर उद्या ते पाडले जाईल ही भीती. न बदलावे तर पुढच्या पावसाळ्यात भिंत खचेल ही भीती.

कायद्याने काही बाबतींत मुदती घातल्या आहेत. विकास आराखड्यातील आरक्षण दहा वर्षांत संपादित झाले नाही, तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ अन्वये मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण रद्द होते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातही प्राथमिक अधिसूचनेनंतरच्या टप्प्यांना साधारणतः बारा-बारा महिन्यांची मर्यादा आहे. अडचण आहे ती या सगळ्याच्या आधीची. प्रकल्पाची घोषणा झाली, वृत्तपत्रांत नकाशे छापून आले, पण अधिसूचना निघाली नाही, या मधल्या अवस्थेला कोणतीही मुदत नाही. आणि अधिसूचना निघाली की त्या मिळकतीवर नवा बोजा चढवता येत नाही, म्हणजेच तारण ठेवून कर्ज काढण्याची वाटही बंद होते.

याच कायद्यात मालकाला उपयोगी पडणारी एक तरतूदही आहे. भरपाई ठरविताना जमिनीबरोबर बांधकामाचेही मूल्य धरले जाते आणि त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम मिळते. म्हणून संभाव्य रेषेत असलेल्या घरमालकाने आवश्यक दुरुस्ती थांबवू नये. मात्र कामाची बिले, आधीची व नंतरची छायाचित्रे आणि अभियंत्याचा मूल्यांकन अहवाल जपून ठेवावा. तोंडी व्यवहाराची सवय येथे महागात पडू शकते.

पैशाचे गणित

दुसरी अनिश्चितता पैशाची. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर एप्रिल २०२२ मध्ये ४ टक्के होता. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५ टक्क्यांवर गेला आणि २०२५ च्या वर्षभरात टप्प्याटप्प्याने खाली येत डिसेंबरमध्ये ५.२५ टक्के झाला. बदलत्या दराचे कर्ज घेणाऱ्याने चार वर्षांत किती हेलकावे पाहिले, हे यावरून ध्यानात यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. वेत व बांबूचे फर्निचर १२ वरून ५ टक्क्यांच्या टप्प्यात आले. हा दिलासा खरा, पण रंगावरचा कर होता तिथेच राहिला आणि जुन्या घराच्या दुरुस्तीत मजुरीचा वाटा सिमेंटपेक्षा सहसा मोठाच असतो.

दरम्यान, उत्पन्नाची बाजू डळमळीत झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा टॉवेलसारख्या वस्तूंच्या निर्यातीवर अवलंबून असणाऱ्यांची झोप उडणे स्वाभाविक होते. हजारो मैलांवरच्या एका निर्णयाने घरच्या छताचे काम पुढे ढकलले जाऊ शकते, हे तेव्हा दिसले. त्याच वर्षी सोन्याने दहा ग्रॅमला लाख रुपयांची पायरी ओलांडली. गहाण ठेवणाऱ्याला त्यामुळे रक्कम जास्त मिळते खरी, पण हप्ता थकला तर गमावण्याचीही किंमत तेवढीच वाढते.

करकायद्याचा कल तर उघडच नव्या घराकडे आहे. जुन्या करपद्धतीत, स्वतः राहत्या घराच्या खरेदी वा बांधकामासाठीच्या कर्जावरील व्याजाची वजावट वर्षाला दोन लाखांपर्यंत मिळते. तेच कर्ज दुरुस्तीसाठी असेल तर मर्यादा अवघी तीस हजारांची. भाडेकरू असलेल्या वाड्यांचा पेच याहून बिकट. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे दुरुस्तीची जबाबदारी मालकाची. त्याने नोटिशीनंतर पंधरा दिवसांत लक्ष दिले नाही तर भाडेकरूने काम करून खर्च भाड्यातून वळता करावा, परंतु एका वर्षात वार्षिक भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक नाही. भाडे शे-दोनशे रुपये असेल तर या तरतुदीतून एक खिडकीही बदलून होत नाही. मालकाला उत्पन्न नाही, भाडेकरूला अधिकार नाही आणि भिंतीला कोणी वाली नाही.

माळवद आणि किल्लारीचा धडा

तांत्रिक बाजू दुर्लक्षिली तर सजावट जिवावर बेतू शकते. सोलापूरची जुनी घरे दगडमातीच्या जाड भिंतींची आणि माळवदाची. उन्हाळ्यात पारा ४३-४४ अंशांवर जाणाऱ्या या प्रदेशात मातीचे जाड छत आणि उजेड-वाऱ्यासाठी ठेवलेले सवणे ही शहाणपणाची रचना होती. तेच छत काढून पत्रे टाकले की घराची भट्टी होते. पण माळवदाला दुसरी बाजूही आहे. गळती थांबविण्यासाठी दरवर्षी मातीचा नवा थर चढतो आणि पाहता पाहता छताचे ओझे फूट-दोन फुटांचे होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत याच प्रकारची घरे कोसळून हजारो माणसे गाडली गेली.

त्या आपत्तीनंतर अभियंत्यांनी सांगितलेले उपाय आजही लागू आहेत. छतावरची जादा माती उतरवावी, भिंतीच्या दोन्ही अंगांना सांधणारे आरपार दगड बसवावेत, कोपरे बांधून घ्यावेत, लाकडी खांब व तुळया यांना तिरपे आधार द्यावेत. याउलट दगडमातीच्या भिंतींवर थेट काँक्रीटचा स्लॅब टाकणे, किंवा खोली मोठी दिसावी म्हणून वजन पेलणारी भिंत पाडणे, हे धोक्याला आमंत्रण होय. जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की आतली ओल अडकते आणि दोन पावसाळ्यांत पोपडे सुटतात. तेथे चुन्याचेच काम टिकते.

दुसरा धडा अलीकडचा आहे. १८ मे २०२५ रोजी पहाटे अक्कलकोट रस्ता औद्योगिक वसाहतीतील टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत, तेथेच राहणाऱ्या मालकाच्या कुटुंबीयांसह आठ जणांचा बळी गेला. राहणे आणि उत्पादन एकाच इमारतीत असेल तर बाहेर पडण्याची दुसरी वाट किती मोलाची असते, हे त्या पहाटेने दाखविले. पूर्व भागातील ज्या घरांत आजही सूत, माग आणि चूल यांच्यामध्ये एकच भिंत आहे, तेथे नूतनीकरणाचा पहिला रुपया वीजवाहिन्या बदलण्यात आणि दुसरा दुसऱ्या दारात गेला पाहिजे.

क्रम महत्त्वाचा

अनिश्चित काळात जुन्या घराचा एक मोठा गुण असा की त्याचे काम टप्प्याटप्प्याने करता येते. नव्या सदनिकेचा हप्ता थांबवता येत नाही, दुरुस्ती मात्र एका खणापुरती करून थांबता येते. मग क्रम ठरतो तो असा : आधी भिंत आणि छत, मग वीज, मग पाणी आणि सर्वांत शेवटी सजावट. अनेक दिवसांआड पाणी घेण्याची सवय लागलेल्या या शहरात हौद आणि गच्चीवरची टाकी यांचे वजन कोठे पडते, याचाही विचार त्यातच येतो. गिलावा, रंग, फरशी, दारे-खिडक्या अशा किरकोळ कामांना सहसा बांधकाम परवानगी लागत नाही. मूळ रचनेत फेरफार असेल तर मात्र ती घेतलीच पाहिजे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा होतो. लग्नकार्य आले की रंग आणि खोटे छत आधी होते आणि त्या छताआड तुळईला लागलेली वाळवी झाकली जाते.

धोरणकर्त्यांकडून अपेक्षा मोजक्याच आहेत. प्रकल्पाची रेषा जाहीर करायची तर तिच्यासोबत तारीखही जाहीर व्हावी आणि ती टळल्यास घरे मोकळी व्हावीत. दुरुस्ती-कर्जाच्या व्याजाला नव्या घराइतकीच सवलत मिळावी. पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींना नोटिसा बजावणाऱ्या महापालिकेने नोटिशीबरोबर अभियंत्याचा सल्लाही द्यावा. किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या पुनर्वसन कार्यक्रमात नव्या गावांबरोबर घरांच्या दुरुस्ती-बळकटीकरणाचाही स्वतंत्र भाग होता. म्हणजे दुरुस्तीला सरकारी धोरण असू शकते, हे याच प्रदेशाने एकदा सिद्ध केले आहे. त्यासाठी पुन्हा भूकंपाची वाट पाहण्याचे कारण नाही.